मेजाच्या खणातल्या तीन नोटा : अमेरिकेच्या नॅशनल बँक नोटांची ओळख आणि किंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने जुन्या घरसामानाच्या विक्रीतून एक लाकडी मेज घेतले आणि त्याच्या खणात अंथरलेल्या कागदाखाली त्यांना तीन जुन्या अमेरिकन नोटा सापडल्या. पहिली आकाराने मोठी, दहा डॉलरची, त्याच राज्यातील एका लहान गावाच्या फर्स्ट नॅशनल बँकेची आहे. दुसरी 1929 च्या मालिकेतील, वीस डॉलरची, सॅन फ्रान्सिस्कोच्या बँक ऑफ अमेरिकेची आहे. तिसरीही 1929 चीच, पाच डॉलरची असून तिच्यावर फिलाडेल्फियाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतील विभागीय बँकेचे, नाव आहे. या नोटा खऱ्या आहेत का, किती जुन्या आहेत, त्यांचे किती पैसे येतील आणि विकण्यापूर्वी त्या स्वच्छ करून घ्याव्यात का, असे त्या कुटुंबातील ताईंनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांना फारसा अर्थ उरणार नाही. नोटा स्वच्छ करू नका. ओल्या कापडाने पुसू नका, खोडरबर लावू नका, इस्त्री फिरवू नका आणि फाटलेल्या कडेला चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी मला आजोबांकडून आलेल्या मोठ्या नोटेचे छायाचित्र पाठवले होते. मळकट होती, पण कागद कणखर होता आणि शाईचा उठाव शाबूत होता. महिनाभराने ते ती प्रत्यक्ष घेऊन आले, तेव्हा तिचे रूप पालटले होते. प्रेमापोटी घरच्यांनी ती साबणाच्या पाण्यात धुऊन इस्त्रीने सपाट केली होती. कॅशिअरची शाईची सही जवळजवळ विरून गेली होती आणि कागद टिपकागदासारखा लुळा पडला होता. लिलावात तिला माझ्या आधीच्या अंदाजाच्या निम्मीच बोली आली. जुन्या नोटेवरचा मळ हा तिच्या वयाचा भाग असतो आणि जाणता खरेदीदार तो समजून घेतो. धुतलेली नोट मात्र तो बोटांनीच ओळखतो.

आता या नोटा म्हणजे नेमके काय, ते पाहू. 'नॅशनल बँक' म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या मनात 1969 सालचे राष्ट्रीयीकरण येते आणि ही सरकारी बँक असावी असा समज होतो. तसे ते नाही. यादवी युद्ध चालू असताना, 25 फेब्रुवारी 1863 रोजी, अमेरिकी काँग्रेसने एक कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो सुधारून पक्का केला. त्यानुसार कोणत्याही गावातील भागधारकांनी ठरावीक भांडवल उभे करून केंद्र सरकारची सनद घ्यायची, सरकारी रोखे विकत घेऊन ते खजिन्यात तारण ठेवायचे आणि त्या तारणाच्या 90 टक्क्यांपर्यंत स्वतःच्या नावाच्या नोटा चलनात आणायच्या, अशी व्यवस्था झाली. सरकारला युद्धासाठी रोख्यांचे गिऱ्हाईक मिळाले आणि लोकांना राज्याराज्यांतल्या शेकडो बँकांच्या बेभरवशाच्या नोटांऐवजी एकसारख्या नक्षीचे, तारण असलेले चलन मिळाले. योगायोग असा की, आपल्याकडे 1861 च्या कागदी चलन कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाखा बँकांचा नोटा काढण्याचा अधिकार काढून घेतला गेला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेने तोच अधिकार खाजगी बँकांना नियमांच्या चौकटीत बसवून दिला.

ही पद्धत 1935 पर्यंत चालली. तोवर चौदा हजारांहून अधिक सनदा दिल्या गेल्या आणि त्यांपैकी बारा हजारांहून अधिक बँकांनी प्रत्यक्षात नोटा काढल्या. 1900 च्या कायद्याने लहान गावांसाठी भांडवलाची किमान मर्यादा 25,000 डॉलरवर आणली आणि नोटा तारणाच्या पूर्ण रकमेइतक्या काढायला परवानगी दिली. त्यानंतर तर अक्षरशः खेड्याखेड्यांत बँका उघडल्या. संग्राहकाच्या दृष्टीने या नोटांची सगळी मौज यातच आहे. चित्र तेच, रक्कम तीच, छपाई त्याच सरकारी कारखान्याची, पण एका नोटेवर न्यूयॉर्कच्या बलाढ्य बँकेचे नाव असते आणि दुसरीवर हजार वस्तीच्या गावातल्या, दहा वर्षांत बंद पडलेल्या बँकेचे.

म्हणून किंमत ठरवताना पहिला प्रश्न 'ही किती जुनी आहे' असा नसतो आणि 'किती डॉलरची आहे' असाही नसतो. कोणत्या बँकेची आहे आणि त्या बँकेच्या किती नोटा आज शिल्लक असल्याची नोंद आहे, हा खरा प्रश्न असतो. गेली पंचवीस वर्षे मी या नोटा पाहतो आहे आणि विकायला आलेल्या दहा माणसांपैकी नऊ जण वयापासून सुरुवात करतात. 1865 ची एखादी नोट 1929 च्या नोटेपेक्षा स्वस्त असू शकते, हे त्यांना पटवायला वेळ लागतो.

बँक ओळखण्यासाठी नाव पुरेसे नाही, कारण 'फर्स्ट नॅशनल बँक' या नावाच्या बँका हजारो होत्या. नावाबरोबर गाव, राज्य आणि सर्वांत महत्त्वाचा सनद क्रमांक पाहावा लागतो. फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेला 1 हा क्रमांक मिळाला आणि तेथून तो क्रमाने वाढत गेला. 1874 च्या कायद्याने हा क्रमांक नोटेवर छापणे सक्तीचे केले, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक नोटांवर तो दिसत नाही. सनद क्रमांक आणि नोटेचा अनुक्रमांक यांची गल्लत नेहमी होते. सनद क्रमांक त्या बँकेच्या प्रत्येक नोटेवर तोच असतो, अनुक्रमांक बदलतो.

आपल्या पहिल्या, मोठ्या नोटेकडे येऊ. सुमारे 7.4 इंच लांब आणि 3.1 इंच उंच असा हा आकार 1929 मध्ये बंद झाला. छायाचित्रात डावीकडे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांचे चित्र आहे आणि मुद्रा, म्हणजे खजिन्याचा छापील शिक्का, निळी आहे, म्हणजे ती 1902 च्या मालिकेतली आहे. या मालिकेत दहाच्या नोटेवर मॅकिन्ली, पाचच्या नोटेवर बेंजामिन हॅरिसन आणि वीसच्या नोटेवर ह्यू मॅककुलक आहेत. हे मॅककुलक म्हणजे ही सगळी व्यवस्था सांभाळणारे पहिले कंट्रोलर ऑफ द करन्सी. 1902 मालिकेचे तीन प्रकार आहेत. लाल मुद्रेची नोट सर्वांत आधीची असून साधारण 1908 पर्यंत निघाली आणि ती तिघांत दुर्मीळ समजली जाते. निळ्या मुद्रेच्या नोटेच्या मागच्या बाजूस 1902 आणि 1908 ही वर्षे छापलेली असतील तर ती दुसऱ्या प्रकारची; 1907 च्या आर्थिक घबराटीनंतर सरकारी रोख्यांखेरीज इतर तारणही चालेल असा जो तात्पुरता कायदा झाला, त्याची ती खूण आहे. मागे वर्षे नसतील तर ती तिसऱ्या प्रकारची, त्या कायद्याची मुदत संपल्यानंतरची आणि सर्वांत जास्त सापडणारी. आपण मागच्या बाजूचे छायाचित्र पाठवलेले नाही. ते पाहिल्यावर हा मुद्दा क्षणात सुटेल.

नोटेच्या मध्यावर सुंदर अक्षरांत जी तारीख कोरली आहे ती छपाईची नव्हे, हे येथे मुद्दाम सांगतो. ती त्या बँकेच्या सनदेशी किंवा सनदेच्या नूतनीकरणाशी निगडित असते आणि त्या ठशावरून निघालेल्या सगळ्या नोटांवर, मग त्या पंधरा वर्षांनी छापल्या गेल्या तरी, तीच राहते. सनदेची मुदत वीस वर्षांची होती आणि बँकेला कोणत्या मालिकेच्या नोटा मिळणार हे सनद कधी घेतली वा वाढवली यावर ठरत होते. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन बँकांपैकी एक 1915 साली 1882 च्या मालिकेच्या नोटा काढते आहे आणि शेजारची 1902 च्या, असे दृश्य सर्रास होते. वर्षावरून मालिका आणि मालिकेवरून वर्ष ठरवायला गेलेला माणूस येथे हमखास फसतो.

जुन्या मालिकांविषयी थोडे सांगतो, कारण मेजात सापडलेल्या नोटांच्या जोडीला घरात आणखी काही निघू शकते. सुरुवातीच्या मालिकेत एक डॉलरपासून हजार डॉलरपर्यंतच्या नोटा होत्या. त्यांतील दोन डॉलरच्या नोटेवर 2 हा भला मोठा आकडा आडवा झोपलेला आहे आणि संग्राहक तिला लाडाने 'आळशी दुक्की' म्हणतात. एक आणि दोन डॉलरच्या या नोटा 1879 नंतर निघाल्या नाहीत. या पहिल्या मालिकेच्या मागच्या बाजू म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाची चित्रमालाच आहे. पाचच्या नोटेवर कोलंबसाचे किनाऱ्यावर उतरणे, वीसच्या नोटेवर पोकाहॉन्टस या मूळ अमेरिकन तरुणीचा बाप्तिस्मा, शंभरच्या नोटेवर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील सह्या. 1882 च्या मालिकेची पहिली आवृत्ती मागच्या तपकिरी छपाईमुळे लगेच ओळखू येते. तिच्या मधोमध सनद क्रमांक मोठ्या हिरव्या आकड्यांत असतो. कॅलिफोर्नियातील सोन्यात परतफेड होणाऱ्या नॅशनल गोल्ड बँकांच्या पिवळसर कागदावरील नोटा, तसेच डाकोटा, वायोमिंग, अलास्का, हवाई अशा त्या वेळी राज्याचा दर्जा नसलेल्या प्रदेशांच्या नोटा ही वेगळीच दुनिया आहे. तशी नोट हाती लागली तर कोणाशीही भाव ठरवण्यापूर्वी ती तज्ज्ञाला दाखवा.

आता सह्यांकडे पाहा. वरच्या दोन सह्या खजिन्याच्या अधिकाऱ्यांच्या असतात आणि त्या छापलेल्या असतात. खालच्या दोन बँकेच्या असतात, डावीकडे कॅशिअर आणि उजवीकडे प्रेसिडेंट. सरकारकडून नोटा न कापलेल्या तावांच्या रूपात, मोठ्या आकाराच्या असतील तर चार-चारच्या तावात, बँकेत पोहोचत. तेथे अधिकारी त्यांवर टाकाने सह्या करत आणि कारकून कात्रीने त्या कापत. पुढे काहींनी रबरी शिक्के वापरले, काहींनी सह्या ठशातच कोरून घेतल्या. आपल्या नोटेची वरची कड जरा तिरकी कापलेली दिसते म्हणून आपण काळजी व्यक्त केली आहे; ती त्या गावातल्या कारकुनाच्या कात्रीची खूण आहे आणि चित्राच्या चौकटीत शिरलेली नसेल तर तिच्यामुळे किंमत फारशी उतरत नाही. टाकाची सही स्पष्ट राहिली असेल तर उलट मागणी वाढते. त्या काळात काही लहान बँकांच्या कॅशिअर किंवा प्रेसिडेंट स्त्रिया होत्या आणि त्यांच्या सह्यांच्या नोटा वेगळ्याने शोधणारे संग्राहक आहेत, तेव्हा नाव नीट वाचा.

सनद क्रमांकाशेजारी एखादे एकटे इंग्रजी अक्षर दिसले तर गोंधळू नका. परत आलेल्या नोटा खजिन्यात वेगाने वेगळ्या करता याव्यात म्हणून 1902 ते 1924 या काळात प्रदेशवार अक्षरे छापली जात. पूर्वेकडील राज्यांसाठी, पेनसिल्व्हेनियासह, 'ई' हे अक्षर होते, दक्षिणेसाठी 'एस', पॅसिफिक किनाऱ्यासाठी 'पी'. आपल्या नोटेवर 'ई' असेल तर ती 1924 पर्यंतची आहे, एवढे त्यावरून कळते.

दुसरी नोट, बँक ऑफ अमेरिकेची, लहान आकाराची आणि तपकिरी मुद्रेची आहे. 1929 च्या मालिकेत दोन प्रकार आहेत. पहिल्यात सनद क्रमांक काळ्या शाईत दोनदा असतो आणि अनुक्रमांकाच्या आधी व नंतर अशी दोन्हीकडे अक्षरे असतात. एका तावातल्या सहा नोटांना तोच आकडा आणि त्याच्या आधी 'ए' ते 'एफ' यांपैकी एकेक अक्षर, अशी ती पद्धत होती. 1933 पासूनच्या दुसऱ्या प्रकारात सनद क्रमांक अनुक्रमांकाजवळ तपकिरी शाईतही छापलेला असतो, म्हणजे एकूण चार वेळा दिसतो, आणि अनुक्रमांकाच्या शेवटी अक्षर नसते. आपल्या नोटेवर 13044 हा क्रमांक फक्त काळ्या शाईत, दोनदाच दिसतो, तेव्हा ती पहिल्या प्रकारची आहे. या बँकेने नोटा प्रचंड संख्येने काढल्या आणि त्या आजही भरपूर मिळतात. मध्यम वापरलेल्या अवस्थेत तिला साधारण 60 ते 100 डॉलर मिळावेत. एखाद्या अपरिचित गावच्या बँकेची अगदी हीच नोट असती तर मी वेगळे उत्तर दिले असते.

तिसऱ्या नोटेने भल्याभल्यांना चकवले आहे. तिच्या माथ्यावर 'नॅशनल करन्सी' असेच छापलेले आहे, मुद्रा तपकिरी आहे, मालिका 1929 आहे, तरीही ती नॅशनल बँक नोट नाही. तिच्यावर सनद क्रमांकाऐवजी 'सी' हे मोठे काळे अक्षर आहे, जे फिलाडेल्फिया विभागाचे आहे. 1933 च्या मार्च महिन्यात, ठेवी काढण्यासाठी बँकांवर धाव पडून देशभरच्या बँका बंद कराव्या लागल्या तेव्हा, तातडीने चलन पुरवण्यासाठी हाताशी असलेल्या त्याच कोऱ्या नोटांवर फेडरल रिझर्व्ह बँकांची नावे छापून या काढल्या गेल्या. इतिहास म्हणून ती मला फार आवडते, त्या घबराटीच्या आठवड्यांची ती हातात धरता येणारी साक्ष आहे. तरी बाजारात तिची किंमत दुसरीपेक्षा थोडी कमीच येईल. एखादा विक्रेता अशी नोट 'दुर्मीळ नॅशनल' म्हणून विकत असेल तर त्याच्यापासून दूर राहा.

म्हणजे खरे लक्ष द्यायचे ते पहिल्या नोटेवर. त्या गावाच्या बँकेचा सनद क्रमांक घेऊन तीन गोष्टी शोधाव्या लागतात. एक, बँकेने त्या मालिकेत किती नोटा काढल्या. दुसरी, बँक बंद झाली तेव्हा किंवा 1935 मध्ये किती रकमेच्या नोटा परत न येता बाहेर राहिल्या होत्या. या दोन्ही आकड्यांच्या सरकारी नोंदी आहेत. तिसरी आणि निर्णायक म्हणजे, आज संग्राहकांना त्या बँकेच्या किती नोटा ठाऊक आहेत. अनेक दशकांपासून संग्राहकांनी एकेका नोटेचा अनुक्रमांक टिपून अशी गणना ठेवली आहे. नॅशनल करन्सी फाउंडेशनची गणना त्यासाठी पाहता येते, आणि सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्सचे सदस्य बँकांचा इतिहास व अधिकाऱ्यांची नावे जमवत असतात. आयोवातील ओकोबोजी येथे तर केवळ याच नोटांना वाहिलेले हिगिन्स संग्रहालय उभारले गेले.

गणनेत त्या बँकेच्या तीस-चाळीस नोटा निघाल्या तर आपली नोट साधारण दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात राहील आणि तिथे तिची अवस्था बरेच काही ठरवेल. तीन-चारच निघाल्या तर किंमत हजारांत जाऊ शकते आणि मग एखादी घडी किंवा टाचणीचे भोक यांना फारसे महत्त्व उरत नाही, कारण खरेदीदाराला दुसरी निवडच नसते. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. या नोटांचा खरेदीदार बहुधा त्या गावचा, त्या परगण्याचा किंवा निदान त्या राज्याचा असतो. पेनसिल्व्हेनियात बँका खूप होत्या आणि संग्राहकही खूप आहेत. ज्या गावाविषयी आस्था असलेली माणसे शिल्लक आहेत, त्याची नोट चढ्या भावाने जाते. दोन हट्टी माणसे एकाच लिलावात आली तर अंदाज कोलमडतात. आणि कधी एखाद्या जुन्या तिजोरीतून त्याच बँकेच्या पन्नास नोटा बाहेर येतात आणि कालची दुर्मीळ नोट आज साधी होते.

खरेपणाविषयी. नोट हातात घेऊन खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा. कोरीव ठशाची छपाई असल्याने चित्राच्या रेषांचा उठाव बोटाला जाणवतो आणि न धुतलेल्या नोटेवर मुद्रेच्या व आकड्यांच्या दाबाची खूण मागच्या बाजूनेही लागते. 1929 च्या कागदात लाल-निळे बारीक तंतू विखुरलेले दिसतील. ते कागदातच असतात, वर छापलेले नसतात. स्मृतिवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळट, कुरकुरीत कागदावरच्या नकला या एका तपासणीतच बाद होतात. मग नोट दिव्यासमोर धरून भोके, चिकटवलेल्या फाटी आणि कागदाने भरलेले कोपरे शोधा. शेवटी अनुक्रमांक पडताळा. बँकेने चार हजार ताव काढल्याची नोंद असेल आणि नोटेवरचा बँकेचा आकडा नऊ हजारांचा असेल तर काहीतरी चुकले आहे. मोठ्या नोटांवर 1925 पर्यंत खजिन्याचा आणि बँकेचा असे दोन वेगळे अनुक्रमांक असतात, तेव्हा बँकेचाच तपासा.

विक्रीबाबत माझा सल्ला असा. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोटेसाठी ग्रेडिंग कंपनीचे, म्हणजे नोट तपासून तिचा दर्जा ठरवून देणाऱ्या कंपनीचे, शुल्क भरू नका, ते किमतीच्या मानाने फार होईल. पहिली नोट गणनेत दुर्मीळ निघाली तरच पीएमजी किंवा पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्यांकडे पाठवा. तेथे 70 च्या श्रेणीवर दर्जा ठरतो आणि कागद मूळ स्थितीत असल्याचा शेरा मिळाला तर तो मोलाचा असतो. जुन्या लिलावांचे भाव पाहताना त्यांत खरेदीदाराकडून घेतलेला, साधारण 20 टक्क्यांचा अधिभार मिळवलेला असतो हे विसरू नका. विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी येते. वेबसाइटवर कोणी किती किंमत मागितली आहे, याला काही अर्थ नाही. किती किमतीला विकली गेली तेवढेच पाहा. काहीच जमले नाही तरी तिन्ही नोटा दर्शनी किमतीला आजही अमेरिकेत वैध आहेत, पण कृपया त्या दुकानात देऊ नका.

तोवर तिन्ही नोटा वेगवेगळ्या, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत, सपाट आणि कोरड्या जागी ठेवा; मऊ प्लास्टिकची स्वस्त पाकिटे वापरू नका, त्यांतून सुटणारी रसायने कागद खराब करतात. मला पहिल्या नोटेच्या मागच्या बाजूचे आणि सनद क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र पाठवा, म्हणजे त्या गावाच्या किती नोटा आजवर नोंदल्या गेल्या आहेत ते पाहून नेमका आकडा सांगता येईल.